महाराजाचा ॲशट्रे

कंपनीचं नाव छापून वाटायच्या वस्तूंचा निर्णय आपल्याकडे बहुधा दिवाळीच्या तोंडावर होतो. व्हेंडर कॅटलॉग घेऊन येतो, टेबलावर चार सॅम्पल मांडली जातात. गेल्या वर्षी डायरी दिली म्हणून यंदा मग, मग फुटतात म्हणून पॉवर बँक, पॉवर बँक बजेटात बसत नाही म्हणून शेवटी पुन्हा डायरी. पाचशेच्या वर नग घेतले की दर उतरतो, म्हणून पाचशे. आर्टवर्क मंजुरीला जातं आणि वरच्या केबिनमधून एकच सूचना खाली येते: लोगो जरा मोठा करा. वस्तू कुणाच्या हातात पडणार, त्याच्या घरात ती कुठे राहणार, तिच्याकडे बघून पाहुणा काय विचारणार, हे प्रश्न खोकी गोदामात येऊन पडल्यावर सुचतात. तेही सुचलेच तर.

हा क्रम नेमका उलटा लावला की काय घडतं ते बघायचं असेल, तर एअर इंडियाने १९६७ साली स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीकडून करवून घेतलेला ॲशट्रे जवळून पाहावा. पहिल्या वर्गाच्या निवडक प्रवाशांना भेट द्यायला केलेली ही वस्तू. फ्रान्समधल्या लिमोजची पोर्सिलेन, आणि संख्या मोजकी, काही शे. दालीच्या चाहत्यांनी तिच्याबद्दल लिहिलं ते कलावस्तू म्हणून. माझं कुतूहल जरा वेगळं आहे. एका कंपनीने आपल्या गिऱ्हाइकाला काहीतरी द्यायचं ठरवलं, आणि त्या ठरवण्यात इतकी अक्कल कुठून आली, हे मला तिच्यात वाचावंसं वाटतं.

आधी वस्तू. मधोमध शिंपल्याच्या आकाराची बशी. तिच्या काठाने वेटोळं घालून बसलेला साप. खाली बशीला तोलून धरणारे तीन आधार, त्यांत हत्तीची मस्तकं आणि हंस. एवढंच असतं तर हौशी दिवाणखान्यातली एक शोभेची चीज म्हणून ती विसरली गेली असती. गंमत ती पालथी केल्यावर सुरू होते. हत्तीची खाली लोंबणारी सोंड वर उठते आणि हंसाची मान होते, कान पसरून पंख होतात. हंस होता त्याचा हत्ती होतो. ही जोडी दालीला नवी नव्हती. १९३७ सालच्या एका चित्रात त्याने तळ्याकाठचे हंस रंगवले होते आणि पाण्यातल्या त्यांच्या प्रतिबिंबांत हत्ती दाखवले होते. म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा स्वतःचाच ऐवज त्याने पुन्हा काढला. एखादा खवचट टीकाकार म्हणेल, जुनाच माल नव्या वेष्टनात खपवला. तक्रारीत तथ्य आहे, पण अर्धंच.

कारण चित्रात आरशाचं काम तळं करतं. बघणाऱ्याने काहीच करायचं नसतं, हंस आणि हत्ती एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात. इथे तळं नाही, माणसाचा हात आहे. ॲशट्रे हे असं भांडं की ते वापरात असेल तर पालथं घालावंच लागतं, नाहीतर राख जाणार कुठे? फुलदाणी कुणी उलटी करत नाही, पेपरवेट केला काय न केला काय. दालीची जुनी युक्ती अगदी योग्य भांड्यावर जाऊन बसली आहे. संध्याकाळची बैठक उठते, कुणीतरी राख झाडायला ॲशट्रे उलटा धरतो आणि त्याच्या हातात हत्तीचा हंस झालेला असतो. साफसफाईच्या कंटाळवाण्या क्षणी वस्तू पहिल्यांदा बोलते. भेटवस्तू निवडताना 'उपयोगी काहीतरी द्या' असं सगळेच म्हणतात. उपयोगाच्या हालचालीतूनच चमत्कार घडावा, इतका उपयोगाचा विचार केलेली दुसरी भेटवस्तू माझ्या पाहण्यात नाही.

आता आपल्या डोळ्यांनी बघू. बशी खाली हत्तींनी तोललेली, भोवती सापाचं वेटोळं. पृथ्वी दिग्गजांच्या आणि शेषाच्या आधारावर आहे हे ज्याने लहानपणी आजीकडून ऐकलंय, त्याला ही रचना ओळखीची वाटल्याशिवाय राहणार नाही. हत्ती लक्ष्मीचा, हंस सरस्वतीचा, आणि या दोघी एका जागी नांदत नाहीत ही आपली जुनी तक्रार. इथे एक पालथी पडली की दुसरी उभी राहते. दालीच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. पण एका आकारातून दुसरा काढायचा हा खेळ आपल्या शिल्पींनी त्याच्या कितीतरी शतकं आधी खेळून ठेवला आहे. तमिळनाडूतल्या दारासुरमच्या मंदिरात बैल आणि हत्ती एकच मस्तक वाटून घेतात. डावीकडून पाहा, बैल, उजवीकडून, हत्ती. नवनारीकुंजरात तर नऊ बायका मिळून हत्ती होतो. मुंबईच्या कंपनीने स्पेनच्या चित्रकाराला काम दिलं आणि परत आलं ते इतकं घरचं! कुणी 'भारतीय वाटेल असं काहीतरी करा' म्हणून सांगितलं असतं तर बहुधा कमळ आलं असतं.

विश्वाचा तोल सांभाळणारी सगळी मंडळी इथे कामाला लावली आहेत, आणि कशासाठी? सिगारेटची राख झेलायला. हा खोडसाळपणा दालीचा आहेच, पण तो एअर इंडियाचाही आहे. आणि तो कुठून आला हे समजायला एकवीस वर्षं मागे जावं लागतं.

१९४६ साली एअर इंडियाचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरातसंस्थेतले चित्रकार उमेश राव यांनी मिळून एक गोल चेहऱ्याचा, लांब नाकाचा, पट्ट्यापट्ट्यांच्या पगडीचा आणि भल्यामोठ्या मिशांचा महाराजा काढला. तो बोधचिन्ह म्हणून जन्मलाच नव्हता. विमानात वापरायच्या एका मेमो पॅडसाठी काढलेलं ते चित्र होतं. म्हणजे भारतातल्या सर्वांत गाजलेल्या व्यापारी चेहऱ्यांपैकी एक चेहरा जन्माला आला तो मुळात एका किरकोळ छापील वस्तूवर. पुढे तो पोस्टरवर गेला, पत्त्यांच्या कॅटवर गेला, मेनूकार्डावर गेला, कमरेत वाकून स्वागत करणारी त्याची बाहुली बुकिंग ऑफिसांच्या काउंटरवर उभी राहिली. लंडनला गेला तर साहेब झाला, जपानला गेला तर सुमो. त्याची मिशी आणि त्याची अदब दोन्ही अतिशयोक्त आहेत, आणि त्या अतिशयोक्तीतच थट्टा आहे. राजेशाही थाट विकायचा, पण त्या थाटाला स्वतःच गालातल्या गालात हसत विकायचा.

त्या काळात पॅन ॲम किंवा ब्रिटिशांची बीओएसी यांच्या ताफ्यापुढे एअर इंडियाची विमानं मोजकी. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला निघालेल्या 'मलबार प्रिन्सेस'पासून सुरुवात. मोठ्यांशी पैशाने स्पर्धा जमणार नव्हती. ती रुचीने करायची असं जे. आर. डी. टाटांनी ठरवलेलं दिसतं. स्वतःच्या विमानांतून प्रवास करताना ते टिपणं काढत, त्यांत पडद्यांपासून चहा-कॉफीच्या रंगापर्यंत काहीही सुटत नसे. कंपनीचा स्वभाव इतका पक्का ठरलेला असला की कुठली वस्तू द्यायची हा प्रश्न निम्मा सुटतो. त्या ॲशट्रेवर ना विमान आहे, ना कंपनीचं तेव्हाचं सेंटॉरचं (अर्धा माणूस, अर्धा घोडा) बोधचिन्ह, ना महाराजाच्या मिशा. तरीही तो दुसऱ्या कुठल्या विमान कंपनीने दिला असेल असं वाटत नाही. महाराजा चित्रातून निघून गेला आहे, त्याचं हसू तेवढं मागे राहिलं आहे.

आणि भेट द्यायची कुणाला हेही पक्कं होतं. १९६७ साली पहिल्या वर्गाने देशोदेशी फिरणाऱ्या माणसाकडे काय नव्हतं? सोन्याचं पेन होतं, चामड्याची बॅग होती. त्याला महागडी वस्तू देऊन दिपवणं शक्यच नव्हतं. पण पाहुण्याने टीपॉयवरचा ॲशट्रे उचलून 'हे काय हो?' म्हणून विचारावं आणि आपण सगळी कथा सांगावी, हे त्याच्याकडेही नव्हतं. कथा सांगायची तर विमान कंपनीचं नाव घ्यावंच लागतं. छापलेलं नाव डोळा चुकवून जातो; यजमानाच्या तोंडून निघालेलं नाव पाहुणा घरी घेऊन जातो.

ही कथा पूर्ण झाली ती मोबदल्याने. दालीने पैसे मागितले नाहीत, हत्तीचं पिल्लू मागितलं. आणि कंपनीने ते दिलं! बंगळूरहून पिल्लू विमानाने जिनिव्हाला गेलं, तिथून रस्त्याने स्पेनमधल्या कादाकेसला, दालीच्या गावाकडे. गावाने उत्सव केला, वर्तमानपत्रांना आयतं खाद्य मिळालं. विमानाने हत्ती पोचवला, यापेक्षा मोठी जाहिरात मालवाहू खात्यालाही सुचली नसती. एरवी भेटवस्तूचा खर्च हिशेबाच्या वहीत एका बाजूला पडतो आणि प्रसिद्धी दुसऱ्या बाजूला. इथे कलावंताची बिदागीच प्रसिद्धी झाली. ॲशट्रेतला हत्ती आणि कादाकेसच्या रस्त्यावरचा हत्ती एकमेकांच्या साक्षीला उभे राहिले. पिल्लाला यातलं काय आवडलं असेल हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसावा. पुढे ते व्हॅलेन्सियाच्या प्राणिसंग्रहालयात गेलं. आज असा करार कायद्यातही बसणार नाही आणि मनालाही पटणार नाही. या सुंदर कथेतली ती एक जागा मला खटकतेच.

वस्तूच्या बदल्यात वस्तू ही रीत मात्र कंपनीच्या अंगवळणी पडलेली होती. १९५६ पासून एअर इंडियाने आपली बुकिंग ऑफिसं सजवायला चित्रं घ्यायला सुरुवात केली होती. सुरुवातीच्या खरेदीत नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभा यांची चित्रं होती. पुढे हुसेन आले, गायतोंडे आले. काही चित्रकारांना रकमेऐवजी विमानाची तिकिटं मिळत. कंपनीकडे रिकाम्या खुर्च्या होत्या, चित्रकाराकडे कॅनव्हास होते आणि पॅरिस बघायची ओढ होती. भेटवस्तूच्या बजेटचं रडगाणं गाणाऱ्यांनी हा व्यवहार जरूर अभ्यासावा: आपल्याकडे पैशाखेरीज असं काय आहे, जे दुसऱ्याला बाजारात मिळत नाही?

ॲशट्रेचा उपयोग संपला. नव्वदच्या दशकात विमानांतून सिगारेट हद्दपार होत गेली. (विमानाच्या शौचालयात आजही ॲशट्रे असतो, बंदी मोडून कुणी पेटवलीच तर थोटूक विझवायला. तो धातूचा, ओबडधोबड, हत्तीविना.) घरोघरच्या टीपॉयवरूनही ती वस्तू गेली. मधली अनेक वर्षं सरकारच्या मालकीची राहिलेली कंपनी २०२२ च्या जानेवारीत पुन्हा टाटांकडे आली, आणि तिचा चित्रसंग्रह सरकारकडे राहून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या स्वाधीन झाला. दालीचे ॲशट्रे अधूनमधून लिलावात निघतात. जिची मूळ गरजच उरली नाही ती प्रचाराची वस्तू लोक पदरचे पैसे मोजून विकत घेतात. गेल्या दिवाळीची डायरी आपण कुणाला फुकट तरी देऊ शकतो का?

एवढं कौतुक करूनही पहिला नंबर मी तिला देणार नाही. लिलावाच्या यादीत नाव आधी दालीचं येतं, एअर इंडियाचं मागाहून, खुलाशादाखल. विकत घेणारा दाली विकत घेतो. मोठा कलावंत बोलावला की हे व्हायचंच: यजमानापेक्षा पाहुण्याभोवतीच गर्दी जमते. १९४६ च्या त्या मेमो पॅडचं तसं झालं नाही. दोन-चार आण्यांचा कागद, त्यावर उमेश रावांनी काढलेला एक वाकलेला माणूस. प्रवाशाने त्यावर पत्ता लिहून घेतला असेल, पान फाडून खिशात टाकलं असेल आणि विसरला असेल. चित्रकाराचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. पण त्या मिशा पुसून टाकल्या तरी ज्याने एकदाही विमानात पाय ठेवलेला नाही तोसुद्धा पगडीवरून सांगेल, हा कोणाचा माणूस.