'आम्रपाली' चित्रपटांतील वेषभूषा : एक कालविचार

कै. भानु अथय्या ह्या मूळच्या कोल्हापूरच्या. 'गांधी' (१९८२) ह्या चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल त्यांस जॉन मोलो ह्यांचेसह ऑस्कर पारितोषिक मिळालें, हें सर्वश्रुतच आहे. येथें आम्हांस विचार करावयाचा आहे तो त्यांच्या त्यापूर्वींच्या एका कृतीचा, म्हणजे लेख टंडन दिग्दर्शित 'आम्रपाली' (१९६६) ह्या हिंदी चित्रपटांतील वस्त्रांचा. हीं वस्त्रें अजिंठ्याच्या चित्रांवरून योजिलेलीं आहेत, व त्याबद्दलच त्यांची स्तुति होत आली आहे.

आमची शंका नेमकी तेथेंच आहे. चित्रपटाचा नायक अजातशत्रु हा बुद्धाचा समकालीन, म्हणजे इ. स. पूर्वीं पांचव्या शतकाच्या सुमाराचा. अजिंठ्याचीं प्रसिद्ध भित्तिचित्रें बहुतांशीं वाकाटककालीन, इ. स. च्या पांचव्या शतकांतलीं. मध्यें सुमारें नऊशें वर्षें लोटलीं! बदामीच्या चालुक्यांच्या मस्तकीं कोणी पेशवाई पगडी ठेविली तर आपण हंसूं; मग येथेंच कां स्वस्थ बसावें?

त्या राजसभेचें समकालीन चित्र उपलब्ध नाहीं, हें खरें. परंतु भारहुतचा स्तूप आहे. इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांतील त्याच्या कठड्याच्या एका स्तंभावर खुद्द अजातशत्रु बुद्धवंदनेस आलेला कोरिला असून तसा ब्राह्मी लेखहि त्यावर आहे. भारहुतच्या पुरुषांस पुढें ठळक गांठ दिलेलें उष्णीष, अंतरीय व उत्तरीय. स्त्रियांच्या कटीस भारी मेखला. हा पुरावा अजिंठ्याहून कितीतरी जवळचा. स्त्रियांच्या वक्षावरील पट्टीचा दोष आम्ही देत नाहीं. भारहुतचें अनुकरण तेथें पडद्यावर अशक्यच. 'स्तनांशुक' शब्द कालिदासांत आहे, असें कोणी म्हणेल. पण कालिदासहि बहुमतें गुप्तकालीनच, तेव्हां ती साक्ष अजिंठ्याच्याच बाजूची.

तथापि बाईंची अडचणहि पाहिली पाहिजे. दगड नेसण दाखवितो, रंग दाखवीत नाहीं. आणि हा चित्रपट तर रंगीत! शिवाय रविवर्म्याच्या चित्रांतून उचललेल्या पौराणिक पोषाखांची संवय झालेल्या प्रेक्षकांपुढें न शिवलेल्या वस्त्राचें सौंदर्य त्यांनीं मांडलें, हें लहान काम नव्हे. फक्त नेसण भारहुतची व रंग अजिंठ्याचे, अशी योजना त्या काळींहि शक्य होती. भारहुतचे ते अवशेष १८७० नंतरच्या दशकांतच कलकत्त्याच्या संग्रहालयांत येऊन पोंचले होते.