सांधेवाल्याचा अंगठा

खेळण्यातल्या रेल्वेचा सांधा बदलणारे यंत्र म्हणजे तारेची दोन वेटोळी आणि मधे एक लोखंडी दांडी. बटण क्षणभर दाबायचे, खट्‌ होते, सांधा बदलतो. 'क्षणभर' हा शब्द मात्र माणसाच्या अंगठ्याला समजत नाही. काम नीट व्हावे म्हणून मी पहिल्याच दिवशी बटण दाबून धरले. सांधा बदलला, शिवाय इस्त्रीचा वासही आला.

म्हणूनच कपॅसिटरवाले सर्किट मला थोर वाटते. ४७०० मायक्रोफॅरडच्या डबीत वीज साठते, बटण दाबताच सगळी शिल्लक एकदम निघते, आणि मग अंगठा तासभर ठेवा, काउंटर बंद! बटण सोडल्याशिवाय नवा भरणा नाही. गिऱ्हाइकाची एवढी पारख आमच्या बँकेतही कोणाला नाही.

दोष एकच, पण मोठा. बऱ्याच नकाशांत हिरवा दिवा बटणावरून घेतलेला असतो. तो सांगतो, हुकूम सुटला! पाती सरकली की कचरा अडकून अर्ध्यावर राहिली, त्याला काय पत्ता? खऱ्या रेल्वेत पाती बसल्याची खात्री पटल्याखेरीज सिग्नल मिळत नाही. आमची गाडी हिरवा दिवा बघून निघाली ती थेट सतरंजीवर!

दिवा पातीवरूनच घ्यायला हवा. 'टॉरटॉइज' नावाच्या संथ मोटारीत तर दांडीबरोबर हलणारे दोन स्विच मुळातच असतात. पण ती खट्‌ म्हणत नाही हो. आणि आमच्या घरात ते ऐकायला एक मुलगा बसलेला असतो; वय वर्षे शेहेचाळीस.