खंडेनवमीची शिकल आणि बंदुकीवरील अक्षरें

जुन्या पोथीचीं अक्षरें पुसट झालीं म्हणून त्यांवर नव्या शाईनें कोणी गिरवूं लागला, तर या त्रैमासिकाचे वाचक त्याचा हात धरतील. कसर लागलेल्या कडा कापून पोथी चौकोनी करणारासही आपण संग्राहक म्हणणार नाहीं. परंतु ठासणीची जुनी बंदूक हातीं येतांच हीच मंडळी ती प्रथम शिकलगाराकडे पाठवितात. नळी आरशासारखी लखलखते, कुंदा रोगणानें चकाकतो, आणि मग तिजवर लेख लिहिला जातो. लेखांत कालनिर्णय असतो. मात्र तो ज्या पुराव्यावर उभारावयाचा, तो पुरावा शिकलगाराच्या दगडाखालीं केव्हांच गेलेला असतो. या पद्धतीचें थोडें परीक्षण करणें अवश्य वाटतें.

बंदुकीवर लेख असतो ही गोष्ट नवी नव्हे. आईन-इ-अकबरींत बादशाही बंदुकांचें जें वर्णन अबुल फजलनें केलें आहे त्यांत, कच्च्या व घडलेल्या लोखंडाचें वजन, लोखंड कोठलें, कारागीर कोण, घडण कोठें झाली, तारीख आणि अनुक्रमांक हें सर्व बंदुकीवर नोंदलेलें असे, असें म्हटलें आहे. पोथीच्या पुष्पिकेंत लेखकाचें नांव, गांव, शक व ग्रंथसंख्या असते, त्याहून हें निराळें काय?

अक्षरें नसलीं तरी यंत्र बोलतें. तोड्याच्या बंदुकींत जळती जामगी चापाबरोबर खालीं येऊन कानांतील रंजकास लागते. चकमकीच्या बंदुकींत घोड्याच्या तोंडांतील गार पोलादावर आपटून ठिणगी पडते. टोपीच्या बंदुकींत घोडा स्फोटक भरलेल्या तांब्याच्या टोपीवर बसतो. पण जुन्या मालकांनीं यंत्र बदललें कीं बंदूक टाकून दिली असें होत नसे. चकमकीची बंदूक पुढें टोपीची करून घेतलेली पुष्कळदां आढळते. तिच्या बाजूच्या पट्टीवर जुन्या स्क्रूंचीं भोकें बुजविलेलीं दिसतात आणि कानाच्या जागीं टोपी चढविण्याचें टोंक नव्यानें बसविलेलें असतें. हीं बुजविलेलीं भोकें म्हणजे हरताळ फासलेले पाठच होत. खालचें काय होतें तें त्यांवरूनच कळतें, आणि शिकलगार नेमकीं तींच घासून सपाट करितो.

या यंत्रपरीक्षेचा उपयोग ग्रंथपरीक्षेसही होतो. शुक्रनीतींतील नालिकाच्या वर्णनावरून प्राचीन हिंदूंजवळ बंदुका होत्या असें गुस्ताव ओपर्ट यांनीं १८८० सालीं प्रतिपादिलें, व आपल्यांतील कित्येकांना तें गोड वाटलें. परंतु त्या नालिकांत यंत्राच्या आघातानें अग्नि उत्पन्न होतो, कर्णाजवळ चूर्ण असतें, ठासण्यास शलाका व नेम धरण्यास तिलबिंदु असतो. जळत्या तोड्याचें त्यांत नांव नाहीं. अर्थात् ही चकमकीची बंदूक झाली, आणि ती तर युरोपांतच सतराव्या शतकांत रुळली. लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं हा सबंध ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील ठरविला. ग्रंथाला आपण अभिमानाची शिकल केली होती, एवढाच याचा अर्थ.

आतां खांचांची गोष्ट. ज्या नळीच्या आंत पेचदार खांचा तीच रायफल. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलींत अशा तीन खांचा असून नळीचा आंतील व्यास ·५७७ इंच असतो. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींसाठीं जो १८५८ चा नमुना काढला, त्यांत त्या खांचा कातून टाकून व्यास ·६५६ इंच केला आणि मागील शिडीची माशी काढून साधा ठोकळा बसविला. बाहेरून दोन्हींची ठेवण जवळजवळ एकच. नळीच्या तोंडांत दिवा धरून न पाहतां पट्टीवरील मुकुट व साल वाचून तिला एन्फील्ड रायफल म्हणणें, म्हणजे वेष्टनावरील नांव वाचून पोथीचें वर्णन लिहिणें होय. ज्या सरकारला आपल्याच शिपायाच्या हातीं नेमकी बंदूक देणें नकोसें झालें, त्याच्या धोरणाचा अस्सल कागद म्हणजे ती कातलेली नळी. तिला रायफल म्हटलें कीं तो कागदच नाहींसा होतो.

देवनागरी वाचणारांनीं अधिक लक्ष द्यावें असें प्रकरण नेपाळचें आहे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यांत पडून राहिलेल्या जुन्या बंदुकांचा प्रचंड सांठा इ. स. २००३ मध्यें अमेरिकेंतील व्यापाऱ्यांनीं विकत घेतला व तो जगभर पांगला. त्यांत कंपनीच्या चकमकीच्या बंदुका होत्या. तशाच एन्फील्डच्या, आणि दोन खांचांच्या व पट्टा असलेली गोळी घेणाऱ्या ब्रन्स्विक रायफलीच्या, नेपाळांतच घडविलेल्या प्रतिकृतीही होत्या. यांवर पलटणींचीं नांवें, क्रमांक व सालें नागरी अक्षरांत कोरलेलीं आढळतात. मूळ विलायती प्रत कोणती व नेपाळी नक्कल कोणती, हें ठरविण्यास या लेखांचा मोठा आधार आहे.

वाचनांत मात्र दोन खड्डे आहेत. पहिला संवताचा. समजा, कुंद्यावर १९२२ असे अंक आहेत. पाश्चात्य संग्राहक ते इसवी सन समजेल, आमच्याकडील मनुष्य संवयीनें शक समजून २००० सालापर्यंत जाईल. वस्तुतः तो विक्रम संवत् असून इसवी १८६५-६६ हें वर्ष येतें, आणि तेंच त्या यंत्राशीं जुळतें. दुसरा खड्डा वळणाचा. नेपाळी वळणाचे ५, ८ व ९ हे अंक आपल्या वळणाहून भिन्न. त्यांत गंजाचा एक खळगा पडला कीं एकाचा दुसरा होतो. असा अंक संशयित म्हणून सोडून द्यावा लागला तरी हरकत नाहीं. परंतु तेलकट मळीचे थर जलद निघावेत म्हणून त्यावर तारेचा ब्रश किंवा काचकागद चालविला, तर संशयाला सुद्धां जागा राहत नाहीं. कुंद्यावर ठसे उथळ असतात. लांकूड एकदां घासलें कीं ते गेले. असा घासलेला कुंदा ओळखणें कठीण नाहीं. पट्टी व पितळी सामान मूळ लांकडाशीं समपातळींत बसविलेलें असतें. घासल्यावर लांकूड खालीं जातें आणि धातूची कड बोटाला लागते.

उलट बाजूचा भ्रमही सांगितला पाहिजे. तपकिरी नळी तेवढी अस्सल व चकचकीत तेवढी बिघडविलेली, असा एक नवा आग्रह दिसूं लागला आहे. कंपनीच्या चकमकीच्या बंदुकांच्या नळ्या पलटणींत चकचकीतच ठेवीत असत. त्यांवर आज औषध लावून जुनाटपणा आणणारा, शिकलगाराइतकाच अपराधी आहे. आणि चालू गंज थांबवूं नये असें तर कोणीच म्हणत नाहीं. बंदूक भरलेली नाहीं ना, हें मात्र सर्वांआधीं पहावें: आंत गज घालून त्याची खूण बाहेरच्या लांबीशीं ताडावी. पिढ्यान् पिढ्या भरलेली राहिलेली बंदूक ही कादंबरींतील गोष्ट नव्हे. मग तिरप्या उजेडांत छायाचित्र घ्यावें, अक्षरांचा कागदावर ठसा घ्यावा, आणि त्यानंतर तेल व मऊ फडकें. तुटलेल्या कुंद्यास तुकडा जोडणें भाग असेल तर तो नवा आहे हें जवळून पाहणारास कळावें. ग्रंथसंपादक कंसांत अक्षर घालतो त्याप्रमाणें. नळीवर जौहर असेल तर आम्लाची बाटली घरांत सुद्धां आणूं नये.

हें सर्व दुसऱ्यांस सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, हा प्रश्नच आहे. माझ्या आजोळीं एक तोड्याची बंदूक होती. खंडेनवमीस पूजेपूर्वीं ती विटेची पूड व चिंच लावून घासण्याचें काम आम्हां मुलांकडे असे, आणि माझी नळी अधिक चकाकली म्हणून मला शाबासकीही मिळे. पुढें पुष्कळ वर्षांनीं ती बंदूक माझ्याकडे आली, तेव्हां नळी कुंद्यास बांधणारा मागचा पितळी बंद मीं जपून सोडविला. त्याच्याखालीं नागरी अंक निघाले. पहिले दोन स्पष्ट आहेत. पुढचे बंदाबाहेर होते.