‘निर्बाण’ शब्दाचा मोह : शीख धर्माविषयीच्या दोन गैरसमजांची चिकित्सा

शीख धर्माविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्यात एक विधान ठरलेले असते : हा धर्म म्हणजे हिंदू भक्तिमार्ग आणि इस्लाम यांचे मिश्रण होय. दुसरे विधान आपल्याच वर्तुळात अधूनमधून कानी पडते. गुरू ग्रंथसाहिबात ‘निर्बाण’, ‘सुन्न’, ‘सहज’ हे शब्द येतात, जातिभेदाचा निषेध येतो. सबब शीख हे प्रच्छन्न बौद्धच होत, असे ते विधान. शीख हे हिंदूंहून वेगळे आहेत, हे भाई काहनसिंग नाभा यांनी १८९८ साली ‘हम हिंदू नहीं’ या ग्रंथात मांडले. दुसऱ्या विधानाची चिकित्सा मात्र आम्हीच केली पाहिजे, कारण तो दोष आमच्या घरचा आहे.

पाली त्रिपिटकात निब्बान म्हणजे राग, दोस आणि मोह यांचा क्षय. तेथे देणारा कोणी नाही. गुरुबाणीत ‘निर्बाण’ हे कधी परमपदाचे नाव असते, तर कधी खुद्द निराकार परमेश्वराचे विशेषण. ते पद नामस्मरणाने, गुरूच्या शब्दाने आणि अंतिमतः परमेश्वराच्या ‘नदर’ने, म्हणजे कृपादृष्टीने लाभते. सर्व चराचर त्याच्या ‘हुकमा’त चालते, हा गुरू नानकांच्या उपदेशाचा गाभा आहे. आता अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील तित्थायतनसुत्त पाहावे. सुखदुःख ईश्वरनिर्मित आहे हे मत, म्हणजे इस्सरनिम्माणवाद, तथागतांनी तेथे स्पष्टपणे खोडून काढले आहे. पटिच्चसमुप्पाद आणि हुकम यांचा मेळ कोणत्याही कसरतीने बसत नाही.

मग हे शब्द आले कोठून? सिद्ध आणि नाथयोगी यांच्या परंपरेतून. बौद्ध सिद्धांच्या दोह्यांतील सहज आणि शून्य नाथपंथात गेले, संतभाषेत रुळले आणि तेथून गुरुबाणीत आले. ‘सिध गोसटि’ या रचनेत नानक याच योग्यांशी वाद घालतात, त्यांची परिभाषा उचलतात आणि त्यांचा संसारत्याग नाकारून गृहस्थाच्या मार्गाचा पुरस्कार करतात. शब्दांचा प्रवास हा इतिहासाचा मोलाचा पुरावा आहे. परंतु त्यावरून सिद्धांताची मालकी सांगता येत नाही. बुद्धाला विष्णूचा नववा अवतार ठरविणाऱ्यांवर आम्ही जो आक्षेप घेतो, तोच मग आमच्यावर घेता येईल.

बाबासाहेबांनी हा भेद अचूक जाणला होता. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी शीख धर्माचा गांभीर्याने विचार केला, एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेस उपस्थित राहिले. दोन्ही धर्म एकच असते तर १९५६ च्या निवडीला अर्थच उरला नसता.

इतर गैरसमज थोडक्यात. गुरू ग्रंथसाहिबात केवळ शीख गुरूंची वाणी आहे, असे नव्हे. दहापैकी सहा गुरूंसह कबीर, रविदास, शेख फरीद आणि आपले नामदेव यांच्या रचना त्यात आहेत. एकट्या नामदेवांची ६१ पदे आहेत. (चोखोबा मात्र तेथे नाहीत.) ग्रंथापुढे माथा टेकणे ही मूर्तिपूजा नव्हे, तेथे वंदन शब्दाला असते. तसेच प्रत्येक शीख पंचककारधारी नसतो. ते बंधन १६९९ साली स्थापन झालेल्या खालशाची दीक्षा घेणाऱ्यांवर आहे.

जातीचा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. लंगरातील एका पंगतीचे मोल आम्ही मानतो. परंतु १२ ऑक्टोबर १९२० रोजी नव्याने अमृत घेतलेल्या दलित शिखांचा कडाहप्रसाद सुवर्णमंदिरातील पुजाऱ्यांनी प्रथम नाकारला होता, हेही सत्य आहे. त्या दिवशी सुधारकांनी पुजाऱ्यांना नमविले आणि तेथूनच गुरुद्वारा सुधारणेच्या चळवळीला जोर चढला. तरीही पंजाबातील अनेक गावांत जातवार गुरुद्वारे आणि वेगळ्या स्मशानभूमी राहिल्याच. मे २००९ मध्ये व्हिएन्ना येथे डेरा सचखंड बल्लांचे संत रामानंद यांची हत्या झाली. त्यानंतर २०१० च्या जानेवारीत डेऱ्याच्या अनुयायांनी वेगळा रविदासिया धर्म घोषित केला आणि रविदासांच्या वाणीचा स्वतंत्र ग्रंथ स्वीकारला. ज्यांची वाणी गुरू ग्रंथसाहिबात चार शतके वंदिली गेली, त्यांच्याच अनुयायांतील एका समूहाला स्वतंत्र ग्रंथाची गरज का भासली, हा प्रश्न शीख अभ्यासकांनी टाळू नये.

आमचे आणि त्यांचे खरे साम्य शब्दकोशात नाही, कायद्यात आहे. संविधानाच्या अनुच्छेद २५ चे पहिले स्पष्टीकरण कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानते. त्याच अनुच्छेदाचे दुसरे स्पष्टीकरण समाजसुधारणेच्या आणि हिंदू धर्मसंस्था सर्वांस खुल्या करण्याच्या मर्यादित प्रयोजनासाठी शीख, जैन आणि बौद्ध यांना ‘हिंदू’ या शब्दात समाविष्ट करते. त्या स्पष्टीकरणावर शिखांचा आक्षेप आहे, आमचाही आहे. तो एकत्र मांडण्यासाठी त्यांनी बौद्ध असण्याची मुळीच आवश्यकता नाही.