एक भूकंप, अनेक शास्त्रे : किल्लारीवरील संशोधन वाचताना

भूकंप कोठे होतात, या प्रश्नाचे वर्गातले उत्तर ठरलेले आहे : भूपट्टांच्या सीमांवर. हिमालय, जपान, चिली ही नावे फळ्यावर लिहिली की पाठ संपतो. उत्तर चूक नाही. पण लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाने ‘मग सर, किल्लारी?’ असे विचारले की ते अपुरे पडते. किल्लारी कोणत्याही भूपट्ट-सीमेपासून फार दूर, दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेले गाव. देशाच्या त्या वेळच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. तेथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत सरकारी नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे मरण पावली.

या घटनेवर त्यानंतर झालेले संशोधन एकत्र ठेवून वाचले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. घटना एकच, पण प्रत्येक शास्त्राचा प्रश्न वेगळा आणि पुराव्याची जातही वेगळी. ‘संशोधन’ म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि परीक्षानळी येते. ती समजूत दूर करायला किल्लारीइतके जवळचे उदाहरण मराठवाड्यात दुसरे नाही. मात्र या संशोधनाचे गुण पाहताना त्यातील उणिवाही पाहिल्या पाहिजेत.

जमिनीच्या पोटातला पुरावा

भूकंपशास्त्राचे पहिले काम मोजमापाचे. भूकंपाचे केंद्र उथळ होते आणि खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढला होता, हे लहरींच्या नोंदींवरून ठरले. शेतांत मीटरभराहूनही कमी उंचीचा तुटक उंचवटा उठलेला दिसला. पण खाली काय होते? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वरचा ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन पायाचा खडक, असा क्रम हाती आला. हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी भेगेच्या परिसरातील छिद्रांची तुलना केली, तेव्हा बेसॉल्टचे थर सुमारे सहा मीटर सरकलेले आढळले. एका भूकंपात मीटरभर आणि एकूण सहा मीटर. म्हणजे ही भेग १९९३ पूर्वीही हलली असली पाहिजे. हा युक्तिवाद शाळेतल्या मुलालाही पटावा इतका सरळ आहे, आणि तेच त्याचे बळ आहे.

याउलट लिओनार्डो सीबर आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या संशोधकांनी १९९६ मध्ये, ही भेग नवीच असावी काय, असा प्रश्न मांडला होता. कुसला राजेंद्रन व सी. पी. राजेंद्रन यांनी जुन्या भेगेच्या बाजूने पुरावा शोधला आणि त्यासाठी ते सुमारे पन्नास किलोमीटर दूर असलेल्या तेरला गेले. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारे नगर, आणि पुढे गोरोबाकाकांचे गाव. तेथील जुने विटकाम आणि मातीचे थर यांतील वाकड्यातिकड्या खुणांवरून त्यांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका भूकंपाचे अनुमान केले. उत्खननाचे चर भूकंपशास्त्राच्या कामी आले, ही कल्पकता दाद देण्याजोगी आहे. पण येथे वाचकाने जरा थांबावे. वीट पुरानेही ढळते आणि पाया खचल्यानेही ढळते. एका स्थळावरचा असा पुरावा दिशा दाखवतो. त्यावर निकाल देता येत नाही. छिद्रातला सहा मीटरांचा पुरावा आणि तेरच्या विटांचा पुरावा एकाच वजनाचे मानणे योग्य होणार नाही.

तिसरा वाद धरणाचा. किल्लारीजवळच माकणीला तेरणेवरचे निम्न तेरणा धरण आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण महाराष्ट्राला आहे. त्यामुळे ‘धरणामुळेच झाले’ ही समजूत गावोगाव पसरली. काही शास्त्रज्ञांनीही ती शक्यता विचारात घेतली. कोयनेची भिंत शंभर मीटरांहून उंच, माकणीचे धरण त्या मानाने ठेंगणे. कोयनेला धरणानंतर वर्षानुवर्षे धक्के बसत राहिले, तसे येथे घडले नाही. म्हणून बहुतेक अभ्यासक ही तुलना मान्य करत नाहीत. साम्य दिसले की कारण सापडले असे होत नाही, हा धडा या वादातून उत्तम शिकवता येतो.

गवंड्याचा प्रश्न

१९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका झाली होती. मग मोठा भूकंप ओळखता आला नसता का? हा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायला नांदेडला जावे. २००६ नंतर काही वर्षे नांदेड शहरात आवाजासह लहान धक्के जाणवत होते. लोक रात्री घराबाहेर झोपले, शास्त्रज्ञांनी उपकरणे बसवून नोंदी घेतल्या. पण पुढे मोठा भूकंप झाला नाही. किल्लारीला मालिकेनंतर विनाश आला, नांदेडची मालिका विरून गेली. यांतली कोणती कोणत्या वाटेने जाणार, हे आधी सांगणारे शास्त्र आज आपल्याजवळ नाही.

मात्र येथेच दुसरे शास्त्र पुढे येते. कोयनेचा भूकंप महत्तेने किल्लारीच्या तोडीचा असून तेथे सुमारे दोनशे माणसे दगावली. किल्लारीला आठ हजार का? रात्रीची वेळ आणि दाट वस्ती ही कारणे आहेतच. पण स्थापत्य अभियंत्यांनी मुख्य बोट ठेवले ते घरांवर. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, त्याही मातीत बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर, आणि त्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, त्यावर उन्हाळ्यागणिक चढत गेलेली पांढरी माती. धक्का बसताच दोन्ही थर फुगून सुटले आणि मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. ज्या घरांत माळवद लाकडी खांब-तुळयांच्या चांगल्या सांगाड्यावर होते, त्यांतल्या काही घरांच्या भिंती पडल्या तरी छप्पर तगले. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालणे, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टी फिरवणे, माळवदाचे वजन कमी करणे, हे उपाय भारतीय मानक ब्यूरोच्या १९९३ च्या मार्गदर्शक मानकातच आहेत.

माझ्या मते किल्लारीवरील सगळ्या संशोधनात हा भाग सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वाचला गेलेला आहे. भूकंप कधी येईल हे ठाऊक नसतानाही तो जीव वाचवू शकतो. पण निष्कर्ष गावापर्यंत पोचता पोचता बदलला. ‘दगड बांधला नव्हता’ याचे ‘दगड वाईट, सिमेंट चांगले’ झाले.

माणसांचा अभ्यास

जागतिक बँकेच्या कर्जावर १९९४ मध्ये पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसली. जवळजवळ दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेतले गेले. गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून या दुरुस्तीच्या कामात उतरल्या. नवी घरे जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची ठरली. समाजशास्त्र आणि वास्तुविद्या यांच्या अभ्यासकांनी याचे पुढे काय झाले ते पाहिले. रोहित जिग्यासू यांच्या २००२ च्या प्रबंधात मराठवाड्यातील खेड्यांचा असा अभ्यास आहे. सरळ रेषेतले रुंद रस्ते आले, पण जुनी गल्ली, ओटा, शेजार विखुरला; जागा अपुरी पडली तेव्हा नव्या घराला लागून पुन्हा जुन्या पद्धतीच्या भिंती उभ्या राहिल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याचाही अभ्यास झाला. मुलाखत, घराचा आराखडा, पाच-दहा वर्षांनी पुन्हा दिलेली भेट, ही या शास्त्रांची उपकरणे. त्यांना ‘मऊ’ म्हणून हिणवणाऱ्याने विचार करावा : लोक पुन्हा धोकादायक भिंत का बांधतात, याचे उत्तर भूकंपमापक देऊ शकतो काय?

या साऱ्या लेखनावर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की शास्त्रे एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. भेगेवरील निबंधात घर क्वचित येते, पुनर्वसनावरील अहवालात खडक. भारतीय मानक ब्यूरोने २००२ मध्ये नकाशा सुधारून किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात घातला. पण वाढीव खोली बांधणाऱ्या गवंड्याला त्याचा अर्थ कोणी सांगायचा, हे कोणत्याच शास्त्राने आपले काम मानले नाही. दुसरा आक्षेप भाषेचा. बहुतांश निबंध इंग्रजी नियतकालिकांत आहेत. ज्यांच्या शेतात छिद्र घेतले आणि ज्यांच्या घरात प्रश्नावली भरली, त्यांना निष्कर्ष मराठीत सविस्तर मिळणे हा त्यांचा हक्क होता.

१९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. ‘लातूर पॅटर्न’मुळे येथल्या हुशार मुलाला वैद्यकीय आणि अभियांत्रिकी या दोनच वाटा दिसतात. त्याला बाकीच्या वाटा दाखवण्याचे काम शाळेतच सुरू करता येईल. आठवी-नववीच्या वर्गाचे चार गट करावेत. एकाने गावातल्या विहिरीच्या कडेवर दिसणारे खडकाचे थर काढावेत. दुसऱ्याने जुन्या पडक्या भिंतीत आरपार दगड आहेत का ते मोजावे. तिसऱ्याने म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. चौथ्याने गेल्या काही वर्षांत बांधलेल्या वाढीव खोल्या कशाच्या आहेत ते पाहावे. मग चारही वह्या एकाच टेबलावर ठेवून विचारावे : यांपैकी कोणती वही बाजूला ठेवली तर आपल्या गावाचा धोका कळणार नाही? मुलांचे उत्तर आले की ते ग्रामसभेत वाचून दाखवावे, आणि तेथे गवंड्यांना आवर्जून बोलवावे.