राहुलमाता : चित्र आणि करुणा

मातेचे चित्र पाहून मन द्रवते. पण या द्रवण्यास करुणा म्हणावे काय? अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील माता-पुत्राचे चित्र या प्रश्नाकडे नेते. भिक्षापात्र घेतलेली तथागतांची आकृती भव्य आहे. तिच्यापुढे यशोधरा व राहुल अगदी लहान दिसतात. पाली साहित्य यशोधरेला बहुधा 'राहुलमाता' म्हणते. चित्रकारानेही तिला माता म्हणूनच उभी केली आहे. मात्र तिचा हात पुत्राला मागे ओढीत नाही, पुढे करतो.

या प्रसंगाचा शेवट चित्राबाहेर, विनयपिटकाच्या महावग्गात आहे. राहुलाच्या प्रव्रज्येने व्याकूळ झालेल्या शुद्धोदनाच्या विनंतीवरून, आईवडिलांच्या अनुमतीशिवाय मुलास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तथागतांनी घालून दिला. एका घराच्या दुःखातून सर्व घरांचे संरक्षण झाले.

बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त गृहासक्त शोकाला करुणेचा जवळचा शत्रू म्हटले आहे. तो करुणेसारखाच भासतो. चार अपत्ये गमावलेल्या रमाईच्या तसबिरीपुढे केवळ डोळे पुसणाऱ्याने हा भेद ध्यानी घ्यावा. आमच्या कोकणात तो आजही कसास लागतो. महाड तालुक्यातील दासगावात जुलै २००५ मध्ये दरड कोसळून माणसे व घरे गाडली गेली. तेथील मातांचे चित्र उद्या कोणी रंगविले, तर आम्ही त्याचे स्वागतच करू. परंतु डोंगराखालची घरे सुरक्षित जागी नेण्याचा आग्रह त्याने पाहणाऱ्याच्या मनात जागविला, तरच ते करुणेचे चित्र ठरेल.