'हेसेद' आणि 'दया' : हिब्रूतील प्रेमवाचक शब्दांचे मराठी रूप

अपरिचित वस्तूचे नाव भाषांतरकार उसने घेऊ शकतो. परिचित भावनेचे नाव मात्र त्याला स्वतःच्या भाषेतच शोधावे लागते, आणि त्या नावामागे आधीच एक इतिहास उभा असतो. हिब्रूतील प्रेमवाचक शब्दांचा मराठीतील प्रवास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हा प्रवास दोन वाटांनी झाला. पहिली वाट कोकणातील बेने इस्रायल समाजाची. मातृभाषा मराठी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू अशी या समाजाची स्थिती होती. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या सणाची 'हग्गादा' मराठीसह छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी उपासनाग्रंथ मराठीत आणले. दुसरी वाट ख्रिस्ती भाषांतरकारांची. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले, खेड्यातल्या स्त्रीलाही कळावे असे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आज प्रचलित असलेली मराठी आवृत्ती काढणाऱ्या भारतीय बायबल सोसायटीचे मुख्य कार्यालय बेंगळूरला आहे. मराठी धर्मवाङ्मयातील या शब्दनिवडीचा विचार मराठीच्या भौगोलिक सीमेबाहेरूनही करावा लागतो, तो त्यामुळे.

हिब्रूतील सर्वांत व्यापक शब्द 'अहावा'. उत्पत्तीच्या पुस्तकात हा धातू प्रथम येतो तो अब्राहामाच्या पुत्रप्रेमासंबंधी. पुढे याकोबाचे राहेलवरील प्रेम, योनाथानाचे दावीदवरील प्रेम, शेजाऱ्यावरील प्रेम, एवढेच काय, इसहाकाची रुचकर अन्नाची आवडही याच धातूने व्यक्त होते. तामारेवर अत्याचार करणाऱ्या अम्नोनाच्या वासनेलाही ग्रंथ वेगळा शब्द देत नाही. मराठी भाषांतराने येथे प्रामुख्याने 'प्रीती' स्वीकारली. 'प्रीती' ईश्वराला शोभते, प्रियकरालाही शोभते. तथापि अन्नाला आणि अम्नोनाला ती पेलत नाही. मूळ शब्दाची नैतिक तटस्थता येथे लोपते.

'गीतरत्ना'त 'दोद' हा शब्द येतो. त्याचा एक अर्थ चुलता, दुसरा प्रियकर. 'दोदीम' या अनेकवचनात देहसंगाची स्पष्ट छटा आहे. मराठीतील 'वल्लभ' या पर्यायाने चुलत्याच्या नात्याची जवळीक सुटते. उलट राधावल्लभाच्या परंपरेतून आलेला शृंगार आणि भक्ती यांचा संधिप्रदेश लाभतो. या काव्याचे अन्योक्तिपर वाचन ज्यू व ख्रिस्ती दोन्ही परंपरांनी केले असल्याने ही भर मूळ काव्याच्या वाचनपरंपरेशी विसंगत ठरत नाही.

'रहमीम' या शब्दाचे नाते 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी आहे. शलमोनाच्या न्यायाच्या कथेत खऱ्या आईच्या अंतःकरणात पेटते ते हेच. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द 'माया'. आतडे तुटणे, पोटात माया असणे हे मराठी वाक्प्रचारही भावना शरीरातच ठेवतात. परंतु वेदान्ताने 'माया' म्हणजे भ्रम असा अर्थ रूढ केल्याने हा शब्द ईश्वराविषयी वापरणे अवघड होते. 'वात्सल्य' हा शब्द वत्सापासून आला. तो अर्थदृष्ट्या 'रहमीम'ला साजेसा असूनही एक्कावन्नाव्या स्तोत्रात 'हेसेद'च्या जागी योजला गेला आहे.

खरा पेच 'हेसेद'चाच आहे. हिब्रू बायबलमध्ये सुमारे अडीचशे वेळा येणारा हा शब्द कराराशी, म्हणजे 'बरीत'शी, निगडित आहे. एकशे छत्तिसाव्या स्तोत्राच्या सव्वीसही चरणांत तो ध्रुपदासारखा येतो आणि मराठीत तेथे 'दया' आहे. दया वरून खाली वाहते. देणारा समर्थ, घेणारा दीन. रूथच्या कथेत मात्र बवाज हा सधन जमीनमालक रूथ या परक्या, निर्धन विधवेने केलेल्या 'हेसेद'ची प्रशंसा करतो. येथे 'दया' लावली तर वाक्यच कोसळते. दावीद मृत योनाथानासाठी शौलाच्या घराण्यातील हयात माणसाचा शोध घेतो. त्यामागची प्रेरणाही दिलेल्या शब्दाची आहे. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात 'अहावा' आणि 'हेसेद' एकाच वचनात शेजारी येतात: पहिल्याने ओढ सांगितली जाते, दुसऱ्याने त्या ओढीचे टिकणे. दोहोंना प्रेमाचेच पर्याय दिले की हा फरक पुसला जातो.

'ऋणानुबंध' हा पर्याय मोहात पाडणारा आहे; परंतु त्याला पूर्वजन्माची पार्श्वभूमी आहे, तर 'हेसेद' याच जन्मी दिलेल्या वचनातून उद्भवतो. मराठीची खरी शक्ती येथे नामात नसून क्रियापदात आढळते. शब्दाला जागणे, मिठाला जागणे, नात्याला जागणे या प्रयोगांत निष्ठा, कृतज्ञता आणि जिव्हाळा एकत्र येतात, आणि जागणारा थोर की लहान हा प्रश्न उरत नाही. रूथ नात्याला जागली, दावीद मैत्रीला जागला, देव आपल्या वचनाला जागतो. तिन्ही वाक्ये मराठीत सहज उभी राहतात. हिब्रूतही 'हेसेद' केला जातो; तो केवळ मनात बाळगण्याचा भाव नव्हे.

'दया' या निवडीने मराठी वाचकापुढे करुणाकर देव उभा राहिला आणि संतवाणीवर पोसलेल्या मनाला तो ओळखीचा वाटला. त्या ओळखीची किंमत म्हणून करारातील दुसरा पक्ष, म्हणजे मनुष्य, केवळ याचक झाला. 'हेसेद'मध्ये त्यालाही देण्याचा अधिकार आहे, आणि रूथची कथा त्याच अधिकाराची कथा आहे. तौलनिक अभ्यासकाने शब्दाला शब्द जुळतो का हे पाहताना त्या शब्दाने दोन पक्षांत कोणते नाते प्रस्थापित केले, हेही तपासले पाहिजे.